पायी जाणारे चार

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रेल्वे फाटक कृती समितीचेही अध्यक्ष, आदरणीय गेनूआबा काजळे. हातातली कामं बाजूला ठेवून पुण्याहून मुद्दाम आलेल्या बांधकाम खात्याच्या उपअभियंता ज्योत्स्ना मॅडम. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती, आपल्या फाटकाचे गेटमन महिपतीभाऊ ओव्हाळ. त्यांच्या शेजारी खुर्चीवर बसायला तयारच नव्हत्या आणि शेवटी हाताला धरून बसवाव्या लागल्या त्या हिरावहिनी. सूत्रसंचालन करणाऱ्या अंगणवाडीच्या रुपालीताई. समोर बसलेली उंबरवाडीची समस्त मंडळी, फाटकाच्या अल्याडची आणि पल्याडची. आणि एवढ्या खुर्च्या रिकाम्या असून दारातच उभं राहायचा हट्ट धरणारे आमचे ट्रॅक्टरवाले बंधू. सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

माईक जरा खाली घ्या कुणीतरी. मी काय उंट आहे का? हां, बास.

मॅडमना माझी ओळख नसेल असं नाही, माझं अक्षर त्या सोळा वर्षांच्या फाइलीत पाहत आल्या आहेत. तरी रीत म्हणून सांगतो. मी रखमाजी कोंडभर. कामशेतच्या बाजारात माझी भाताची गिरणी आहे. समितीत मला सचिव म्हणतात. सचिव म्हणजे अर्ज लिहिणारा. गावात माझ्याहून शिकलेले पुष्कळ झाले, पण 'सविनय सादर करण्यात येते की' हे वाक्य न अडखळता लिहिणारा मीच एकटा, म्हणून हे पद माझ्याकडे चालत आलं आणि चिकटलं.

मला पाच मिनिटं दिली आहेत. गेनूआबांनी सकाळी फोन करून बजावलं, "रखमाजी, चार चांगले शब्द बोल, पाकीट मॅडमच्या हातात दे, आन् खाली बस. लांबण लावू नको." आबा, पाकीट खिशात आहे. त्या पाकिटात महिपतीभाऊंचं नाव आहे. ते कशासाठी लिहिलं आहे, हे या सभागृहात मोजक्याच माणसांना माहीत आहे. बाकीच्यांना माहीत नाही, आणि सत्कार तर सगळ्यांच्या नावानं चाललाय. म्हणून पाच मिनिटांची दहा होतील. सांभाळून घ्या.

चांगले शब्द आधी. ते खरे आहेत, त्यामुळे त्यांना वेळ लागत नाही.

महिपतीभाऊ या फाटकावर एकतीस वर्षं होते. मधली तीन वर्षं मळवलीच्या बाजूला बदली झाली तेवढी सोडून. उन्हात, थंडीत, धुक्यात. आपल्याकडचं धुकं म्हणजे समोरचा बैल दिसत नाही. फोन वाजला की फाटक पाडायचं, गाडी गेली की उचलायचं. सांगायला सोपं आहे. आता एक प्रसंग. पल्याडच्या बंगल्यावर आलेले एक मुंबईचे साहेब, लांबलचक गाडी, फाटक पडलेलं. हॉर्न वाजवून वाजवून शेवटी उतरले, म्हणाले, मी कोण आहे ते ठाऊक आहे का? महिपतीभाऊ शांतपणे म्हणाले, "सायेब, गाडी तुमची हाय, पर रूळ माझा हाय. इथनं इंजान जाऊ द्या, मंग सांगा तुमी कोन ते." इंजिन गेलं. साहेबांनी काही सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट आपल्या भागुबाईंची. त्या समोरच बसल्या आहेत, दुसऱ्या रांगेत, हिरवं लुगडं. मावशी, तुमच्याबद्दल बोलतोय! ...नाही आलं ऐकू. असू द्या. भागुमावशींचं घर अल्याड, भाताची खाचरं पल्याड, मध्ये रूळ. सगळं मिळून तीनशे पावलं. गेली आठ-नऊ वर्षं त्यांना ऐकू कमी येतं. तेव्हापासून त्या डोक्यावर पाटी घेऊन आल्या की महिपतीभाऊ केबिनमधून खाली उतरायचे, हात धरून रूळ ओलांडून द्यायचे आणि परत येऊन बसायचे. मावशी रोज ओरडायच्या, "मी काय ल्हान हाय व्हय रं? सोड हात!" आणि हे सोडायचे नाहीत. दिवसातून दोनदा. आठ वर्षं. हा हिशोब कुणी कुठल्या वहीत लिहिलेला नाही आणि रेल्वेच्या नोकरीतही तो बसत नाही.

उद्या सकाळपासून ते फाटक कायमचं बंद होतंय. आडवी लोखंडी कुंपणं येऊन पडली आहेत, येताना सगळ्यांनी पाहिली असतील. महिपतीभाऊ निवृत्त होतायत म्हणून फाटक बंद होत नाहीये. फाटक बंद होतंय म्हणून रेल्वेनं त्यांच्या जागी कुणी नेमलेला नाही. आणि ते फाटक आपण बंद पाडलं. आपण म्हणजे मी.

थांबा. मालगाडी आहे. जाऊ द्या.

...गेली. अठ्ठावन्न डबे. सोळा वर्षं फाटकाबाहेर उभं राहून दुसरं काय शिकणार?

तर ज्या नव्या सुनांना आणि जावयांना माहिती नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो. सोळा वर्षांपूर्वी आपण पहिला अर्ज केला. मागणी काय होती? रुळाखालून भुयारी मार्ग. ट्रॅक्टर जाईल एवढा रुंद, माणूस चालेल एवढा उजेडाचा. बास. घाट चढून आलेल्या मालगाड्या आणि लोकल यांच्या मध्ये फाटक पडलं की वीस-वीस मिनिटं पडायचं. पोरांची शाळा बुडायची, दूध नासायचं. अर्जाला उत्तर आलं, आपल्या मागणीची नोंद घेण्यात आली आहे. दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज. पुन्हा नोंद. बारा वर्षं सरकारनं आमची नोंद घेतली. तेराव्या वर्षाच्या आधी मात्र कुणीतरी देवमाणसानं खरं उत्तर पाठवलं, की सदर फाटकावर वाहनांची वर्दळ निकषापेक्षा कमी असल्यानं निधी देता येत नाही. तथापि सात दिवसांची मोजणी करून फेरविचार करता येईल.

सात दिवस मोजणी! माझ्या गिरणीत समिती बसली. भाताच्या कोंड्यात, पोत्यांवर, सातजण. गेनूआबा म्हणाले, आता काय करायचं? गावात ट्रॅक्टर अकरा, टेम्पो सहा, जीप चार. निकषाला हे कुठं पुरणार? आणि मग मी, हा रखमाजी कोंडभर, बोललो. कुणी दुसरा बोलला असता तर आज मी त्याच्या नावानं खडे फोडत बसलो असतो. पण बोललो मीच. म्हणालो, "गाड्या कमी आहेत, पण फेऱ्या कुणी कमी करायला सांगितल्यात?"

मॅडम, तुम्ही वर पाहू नका, ऐका नुसतं.

पल्याड वेळूचं बेट आहे. फाटकातून जायचं, बेटामागं वळायचं, चहा प्यायचा, परत यायचं. मोजणीला दोन माणसं बसली होती, ताडपत्रीखाली, मांडीवर तक्ते. त्यांना गाडी मोजायची होती. गाडी कुणाची, सकाळपासून कितवी, हे त्यांना विचारायचंच नव्हतं. पहिल्या दिवशी आम्ही भीत भीत केलं. दुसऱ्या दिवशी भीड चेपली. तिसऱ्या दिवशी तर जत्रा झाली. एकच टेम्पो सकाळी गुलाबाच्या खोक्यांनी भरून गेला, दुपारी भाताच्या पोत्यांनी, संध्याकाळी त्यात लग्नाचा बँड बसवला होता. वाजवत गेले! माझ्या गिरणीच्या टेम्पोनं सात दिवसांत दीडशेच्या वर फेऱ्या मारल्या. ड्रायव्हर म्हणाला, शेठ, क्लच गेला. म्हटलं जाऊ दे, गावासाठी जातोय.

हसताय ना? हसा. आम्हीही हसलो होतो.

आणि हसता हसता आम्ही एक शहाणपणा आणखी केला. गाड्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून जो पायी दिसेल त्याला उचलून गाडीत घातलं. शेतावर चाललेल्या बायका, शाळेची पोरं, पल्याडच्या बौद्धवस्तीतली कामाला निघालेली माणसं, सगळी जीपमध्ये आणि ट्रॉलीत. भागुमावशींना एका दिवसात नऊ वेळा रूळ ओलांडून आणलं. त्या म्हणाल्या, "आरं कुटं न्हेताय मला, माजं श्यात ऱ्हायलं मागं!"

महिपतीभाऊ हे सगळं केबिनमधून पाहत होते. रोज संध्याकाळी मोजणीच्या तक्त्यावर दिवसपाळीचा गेटमन म्हणून त्यांची सही लागायची. चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "रखमाजीभाऊ, लय फिरवू नका. मागितल्यापेक्षा जास्त पदरात पडंल." मला वाटलं, रेल्वेचा माणूस आहे, नोकरीला भितोय. मी म्हणालो, तुम्ही सही करणार की नाही तेवढं सांगा. त्यांनी तक्ता वाचला. वरपासून खालपर्यंत वाचला. म्हणाले, "गाड्या गेल्या ह्ये खरं हाय. कुणाच्या आन् किती येळा, ह्ये कागदानं इचारलं न्हाई. सही करतो. पर ह्ये बरं न्हाई." सात दिवस, सात सह्या. एकाही सहीत खोटं नाही. खोटं होतं ते चाकांवर होतं.

आकडा आला. आकडा असा आला, की भुयारी मार्गाच्या निकषाला ओलांडून पार वर गेला. एवढ्या वर्दळीला भुयारी मार्ग पुरणार नाही, असं वरच्या कचेरीनं ठरवलं आणि निधी मंजूर केला. कशाला? उड्डाणपुलाला. आम्हाला कळलं त्या दिवशी फटाके फुटले, पेढे वाटले, कमानीवर बॅनर लागला. माझाही फोटो होता, आधार कार्डावरचा. बायको म्हणाली, दहा वर्षांनी म्हातारे दिसताय. मी म्हटलं, पूल मंजूर झालाय, आता दिसलो तरी चालेल.

मग नकाशा आला. गेनूआबांनी तो उलटा धरला, सुलटा धरला, आणि विचारलं, "ह्यात आपलं गाव कुटं हाय?" नव्हतं. पूल जुन्या हायवेला सुरू होतो आणि आपल्या डोक्यावरून जाऊन पार बंगल्यांच्या पलीकडं उतरतो. उंबरवाडीला त्यावर चढायला जागा नाही, उतरायला जागा नाही. पायी चालायला कडेला पट्टी नाही. आणि नकाशाखाली बारीक अक्षरात एक ओळ, पूल सुरू झाल्यावर सदर फाटक कायमचं बंद करण्यात येईल. तीनशे पावलांवरचं शेत आता हायवेनं फिरून साडेचार किलोमीटर झालं. जायचे साडेचार, यायचे साडेचार.

तुम्ही म्हणाल, मग बोलला का नाहीत? कसं बोलणार? पुलाविरुद्ध तोंड उघडायचं तर एकच गोष्ट सांगता येत होती, की इथं एवढ्या गाड्याच नाहीत. आणि तसं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग त्या आल्या कुठून? सातजण गिरणीत रोज बसायचो आणि रोज त्याच प्रश्नाशी येऊन थांबायचो. रस्ता मागायला निघालो होतो आणि उलट फिरायलाही रस्ता उरला नाही. पुलाचे खांब उभे राहिले, आम्ही पाहत होतो. पूल झाला. उद्घाटनाला आम्हालाच हार घातले. मी तो हार गळ्यात घेऊन घरी आलो आणि दोन दिवस जेवलो नाही. बायकोला सांगितलं, पोट बिघडलंय.

यंदा शेवटचा उपाय म्हणून आपण अर्ज केला, की निदान पायी जाणाऱ्यांसाठी रुळाखालून छोटा मार्ग द्या. त्याचं उत्तर मला पाठ आहे. 'सात दिवसांच्या संयुक्त मोजणीत सदर फाटकावरून पायी जाणाऱ्यांची नोंद चार इतकी असल्याने मागणी समर्थनीय वाटत नाही.'

चार! अल्याड-पल्याड मिळून अकराशे माणसांचं गाव, आणि आठवड्यात पायी चालणारे चार. त्यातले दोन तर मोजणी करणारेच होते, लघवीला पल्याड गेलेले.

रुपालीताई, चिठ्ठी मिळाली. 'वेळ संपली' असं लिहिलंय. ताई, वेळ सोमवारी संपतेय. यंदाच्या जिल्हा आराखड्यात प्रस्ताव घ्यायची शेवटची तारीख सोमवार आहे, आणि ते मॅडमनीच आम्हाला सांगितलं. मी त्यांच्याबद्दल एक शब्द वेडावाकडा बोलणार नाही. सोळा वर्षांत आम्हाला खुर्ची देऊन बसवणाऱ्या त्या पहिल्या अधिकारी. त्या म्हणाल्या, "भाऊ, मला पायी जाणारी माणसं दिसतात हो. पण कागदावर चार आहेत. जुनी मोजणी चुकली होती आणि का चुकली, हे कुणीतरी लेखी द्या. फेरमोजणी लावते, प्रस्ताव पुढं पाठवते." एवढीच अट. कुणीतरी लेखी द्यायचं.

पुन्हा गिरणी. पुन्हा सातजण. कोण लिहिणार? एकाचा मुलगा सरकारी नोकरीत. एकाला पंचायतीला उभं राहायचंय. एकाचा ठेका अडकलाय. मी? मला म्हणाले, तुम्ही सचिव, तुमच्या नावानं गेलं म्हणजे समितीच्या नावानं गेलं, फसवणुकीचा गुन्हा सगळ्यांवर. मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू, पटकन पटलं. आणि मग कुणीतरी म्हणालं, नाव घेत नाही, की मोजणीच्या तक्त्यावर सह्या तर महिपतीच्या आहेत. महिनाअखेरीला सुटतोय तो नोकरीतून. 'गेटमनच्या नजरचुकीमुळे आकडे फुगले' असं लिहू. सुटलेल्या माणसाचं कोण काय वाकडं करतंय? गावातर्फे मोठा सत्कार करू त्याचा.

मंडळी, हा तो सत्कार आहे.

बसा आबा. बसा. चुकीचं काही बोललो असेन तर इथंच सांगा, माईक देतो. ...नाही ना? मग बसा.

पत्र मी लिहिलं. 'सविनय सादर करण्यात येते की'. अक्षर सुरेख आलं. आणि समितीनं मलाच पाठवलं, महिपतीभाऊंना विचारून ये म्हणून. गेल्या मंगळवारी दुपारी फाटकावर गेलो. बौद्धवस्तीवर किती वेळा गेलोय मी यांच्या घरी? मोजलं तर एकदा, थोरल्या मुलीच्या लग्नात, तेही उभ्या उभ्या. अडलं की मात्र बरोबर केबिनची पायरी चढलो. यांनी स्टूल पुसून दिलं. मी पत्र वाचून दाखवलं. डोळे कागदावरच ठेवले होते.

महिपतीभाऊंनी ऐकून घेतलं. मग बाहेर बघत म्हणाले, "फाटक बंद झालं की भागुबाई कुंपनाच्या फटीतनं रूळ वलांडनार. साडेचार किलोमीटर ती जानार न्हाई. तिला आयकू येत न्हाई, भाऊ. लिवा माजं नाव. खालनं वाट होत आसंल तर लिवा."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "उपकार झाले." लाज वाटते सांगायला, पण हेच शब्द.

तोवर हिरावहिनी डबा घेऊन आल्या होत्या. दारातच उभ्या होत्या, सगळं ऐकलं होतं त्यांनी. मला म्हणाल्या, "भाऊजी, एकतीस वर्सांत ह्यांच्या फाटकाव येक जनावर मेलं न्हाई. मानूस सोडाच, शेरडू न्हाई मेलं. त्ये बी लिवनार का त्या कागदात?"

जिना उतरलो, घरी आलो. सोळा वर्षांत किती कागद लिहिले असतील मी, कुठल्याच कागदात ते वाक्य नाही. ज्याचं काम चोख होतं त्याच्या नावावर चूक घालायची, आणि ज्यांनी चूक केली त्यांनी त्याला शाल पांघरवायची. मी मॅडमना फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं, की माणूस निवृत्त झाला की प्रकरण मिटतं ना? त्या म्हणाल्या, नाही भाऊ, चौकशी नंतरही लागते, पेन्शनही अडकते. म्हणजे आमचा तो हिशोबही कच्चा निघाला.

चार दिवस मी माझ्याशीच भांडतोय. भित्रा माणूस आहे मी. गिरणीचा परवाना आहे, धाकटीचं लग्न ठरतंय. पोलीस, कोर्ट, पेपरात नाव, सगळं डोळ्यांसमोरून जातं. वाटतं, गप्प बसावं, महिपतीभाऊ स्वतः हो म्हणालेत, आपण कोण नाही म्हणणारे? असं दिवसातून दहा वेळा वाटतं. आत्ता इथं उभा असतानाही दोनदा वाटून गेलं.

पण ते पाकीट मी काल चुलीत घातलं. खिशात दुसरं आहे. मजकूर तीन ओळींचा, 'सविनय' वगैरे काही नाही. मोजणीच्या सात दिवसांत त्याच त्या गाड्या पुन्हा पुन्हा फिरवून आकडा फुगवण्यात आला. पायी जाणाऱ्या माणसांना गाडीत बसवण्यात आलं, म्हणून ती नोंदीत नाहीत. ही कल्पना माझी होती, माझ्या मालकीचा टेम्पोही त्यात होता, आणि गेटमन महिपती ओव्हाळ यांनी मला त्याच वेळी सावध केलं होतं. खाली सही. समितीचा शिक्का नाही, आबा, काळजी करू नका. शिक्का तुमच्याकडं तसाच ठेवलाय. ज्याला वाटेल त्यानं खाली नाव घालावं. नाही वाटलं तर माझी कुणाशी तक्रार नाही, मला चार वर्षं लागली आहेत.

महिपतीभाऊ, का उठलात? ...माईक नको? बरं, बोला तसंच. ...ऐकलंत का मागं? ते म्हणतायत, "सही माजी बी हाय, भाऊ. मी थांबवायला पायजे हुतं, नुसतं बोलून गप ऱ्हायलो."

नाही भाऊ. हे मी ऐकणार नाही. तुमच्या गप्प राहण्याचं काय ते तुम्ही आणि हिरावहिनी बघून घ्या, त्यात गावानं पडायचं काम नाही. कागदावर फक्त आमचं येईल. तुम्हाला हात जोडतो, आज तुम्ही पाहुणे आहात, खाली बसा.

वहिनी, तुमचं वाक्य मी पत्रात घातलंय. तिसऱ्या ओळीनंतर, ताजा कलम म्हणून. एकतीस वर्षांत या फाटकावर एकही जीव गेलेला नाही. मॅडम म्हणतील, याचा विषयाशी काय संबंध? असू द्या मॅडम. फाइलीत राहू द्या.

आता आभार. अध्यक्षांचे आभार, त्यांनी मला माईक दिला, काढून घेतला नाही. रुपालीताईंचे आभार, तीन चिठ्ठ्या पाठवूनही त्या रागावल्या नाहीत. खुर्च्या, सतरंज्या, चहा ज्यांनी केला त्यांचे आभार. ट्रॅक्टरवाल्यांनो, तुम्ही दारातून निघून गेला नाहीत, तुमचेही आभार. मॅडम, तुम्हाला सत्काराला बोलावून अशा अडचणीत बसवलं. कचेरीत आलो असतो तर नीट बोललोच नसतो, तुम्हाला माझी सवय माहीत आहे.

शेवटी वक्त्यानं म्हणायचं असतं, की बोलण्याच्या भरात कमीजास्त गेलं असेल तर पोटात घ्या. आज ते म्हणवत नाही. बोलण्यात माझी चूक झालेली नाही. चूक झाली ती चार वर्षांपूर्वी, सलग सात दिवस, पूर्ण शुद्धीत, हसत खेळत झाली. त्याबद्दल महिपतीभाऊ आणि हिरावहिनी, तुमची मी माफी मागतो. आणि भागुमावशी, तुमचीही. कुणीतरी त्यांना कानाशी जाऊन सांगा.

मॅडम, हा कागद. तुम्ही चहा झाल्यावर घेते म्हणताय, तसं नको. आत्ता घ्या, इथंच, सगळ्यांच्या देखत. एकदा मी या पायऱ्या उतरून खाली गेलो की तो परत मागून घ्यावासा वाटेल. मी मला ओळखतो.